लोबातोसाहेबांची शेवटची सही

लोबातो वकिलांच्या कचेरीत सही एकाच माणसाची चालत असे, आणि नेमकी त्यालाच ती करता येत नसे.

सांतारेम शहराच्या कोर्टातून कागदांचे गठ्ठे गेले आणि सगळं संगणकावर आलं, तेव्हा प्रत्येक वकिलाला बोटाच्या पेराएवढं एक टोकन मिळालं. ते संगणकात खुपसायचं, पिन टाकायचा, की अर्जावर वकिलाची सही झाली. कायद्याच्या लेखी ती शाईच्या सहीइतकीच त्याची स्वतःची. ओस्मारिनो लोबातोंनी आपलं टोकन मिळाल्या दिवशीच कारकून दिल्साबाईच्या, म्हणजे सगळ्यांच्या दोना दिल्साच्या, संगणकात लावायला दिलं आणि पुन्हा त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. पिन कचेरीत सगळ्यांना पाठ होता. शहरातल्या बाकीच्या कचेऱ्यांतही थोड्याफार फरकाने हेच चाले, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

तायनारा पांतोझाला सुरुवातीला वाटलं होतं. ती मूळची रसायनशास्त्राची. नदीच्या पाण्यातला पारा मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काही काळ काम केल्यावर तिच्या लक्षात आलं, की पारा नुसता मोजून भागत नाही, तो सोडणाऱ्याला कुणीतरी कोर्टात उभं करावं लागतं. म्हणून ती वकिलीकडे वळली आणि लोबातोसाहेबांच्या हाताखाली आली. अर्ज लिहायचे तिने, त्यावर पेन्सिलीने खुणा करायच्या साहेबांनी, आणि दाखल व्हायचे ते साहेबांच्या टोकनवरून. वकीलपत्रातही नाव त्यांचं एकट्याचंच. अशील माझं तोंड बघून येतो, असं ते म्हणत. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. ते नुसतं वस्तुस्थिती सांगत, आणि ती खरीही होती. तायनाराचं स्वतःचं टोकन तिच्या पर्सच्या कप्प्यात पडलेलं असे. ते तिने एकदाच वापरलं होतं, बहिणीच्या घटस्फोटासाठी.

पोंता दो काजूच्या घाटाचं अपीलही असंच तिने लिहिलं. आरापियुन्स नदीवरचं ते मच्छीमारांचं गाव. धान्याच्या बार्जेसना, त्या सपाट मालवाहू बोटींना, वळायला जागा हवी म्हणून एका कंपनीने गावाचा घाट आपल्या जमिनीत येतो असा दावा लावला होता आणि खालच्या कोर्टात तो जिंकलाही होता. अपील मुदतीत गेलं नाही, तर घाटाला कुंपण पडणार होतं. बोटी लावायला गावाला दुसरी जागा नव्हती. दोन्ही बाजूंना दरडी.

अपिलाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, लोबातोसाहेब गावाची सभा घ्यायला बोटीने निघाले. अपील त्यांनी आदल्या दिवशीच वाचून संपवलं होतं आणि फक्त एका परिच्छेदाखाली रेघ ओढून “इथे जरा कमी हुशारी” असं लिहिलं होतं. जाताना तायनाराला सांगून गेले, की दुपारी सवडीने टाकून दे. नदीवर फोन लागत नाही. चारच्या सुमारास तिने तो परिच्छेद सुधारला, दिल्साच्या खुर्चीत बसून पिन टाकला आणि अपील दाखल केलं. संगणकाने पोच दिली. दिल्साने पोच छापून फायलीला लावली, आणि दोघींनी कुपुआसूच्या फळाचं सरबत मागवलं.

शनिवारी पहाटे स्पीडबोटीने साहेबांना परत आणलं ते चादरीत गुंडाळूनच.

उन्हाळ्यात माती लांबवता येत नाही. सकाळी दहापर्यंत लोबातोंच्या घरी दिवाणखान्यात पेटी ठेवलेली होती, अंगणात खुर्च्या लागल्या होत्या, स्वयंपाकघरात कॉफीची पिंपं भरली होती. निम्मं शहर लोटलं होतं. साहेबांनी ज्यांना हरवलं तेही आले होते आणि मोठ्याने रडत होते. घाटाच्या दाव्यातला कंपनीचा वकीलही येऊन फुलं ठेवून गेला. तायनारा एका कोपऱ्यात उभी होती. तिला रडू येत नव्हतं, आणि ते येत नाही याचीच तिला लाज वाटत होती.

तिथे तिला दोना ओदिनेया भेटली. पोंता दो काजूच्या मच्छीमार संघाची ती अध्यक्ष. जाडजूड, सावळी बाई, माशांच्या काट्यांनी हात ओरबाडलेले. साहेबांना न्यायला तीच आली होती आणि बोटीत बसायला-निजायला टांगलेल्या झुल्यांपैकी त्यांच्या शेजारच्या झुल्यात होती. कसं झालं ते तिने सांगितलं. माणसं जेवायला बसली होती. साहेबांनी तांबाकी माशाचा तुकडा उचलला, एका न्यायाधीशाचा किस्सा सांगायला घेतला, आणि तो अर्धाच राहिला. बोटीवर आरोग्यसेविका होती. तिने बराच वेळ छाती दाबून पाहिली.

“शेवट काय होता किश्शाचा, ते कुणालाच माहीत नाही,” ओदिनेया म्हणाली. “मी सगळ्यांना विचारलं.”

तायनाराने विचारलं, “जेवायला बसला होतात म्हणजे दुपारीच?”

“भर दुपारी. सूर्य डोक्यावर होता. का हो?”

तायनाराने हातातला कप खाली ठेवला. हे गणित करायला तिला प्रयोगशाळेची गरज नव्हती. साहेब भर दुपारी गेले, अपिलावर त्यांची सही चारला झाली. त्या सहीला हातच नव्हता. मेलेला माणूस अर्ज करू शकत नाही. तसा अर्ज कायद्याला दिसतच नाही, तो नसल्यासारखाच. आणि मुदत काल मध्यरात्री संपली होती.

तिने आजूबाजूला पाहिलं. साहेबांचा मुलगा ब्रेनो, तोही कचेरीतलाच वकील, दारातून तिलाच खूण करत होता. तो तिला मागच्या पडवीत घेऊन गेला आणि दार लोटून घेतलं. त्यालाही ते गणित सुटलं होतं. पहाटेच, बापाचा देह धक्क्यावर उतरवतानाच सुटलं होतं. त्याचे डोळे सुजलेले होते, पण बोलणं नीट जुळवलेलं होतं. घरचे डॉक्टर व्हरांड्यात बसलेत, तो म्हणाला. बाबांचं हृदय जुनंच आजारी, त्यामुळे मरणाचा दाखला द्यायला त्यांची हरकत नाही. फक्त वेळ काय लिहायची ते त्यांनी विचारलंय, कारण ते स्वतः तिथे नव्हते. ते ‘संध्याकाळ’ लिहितील. बोट गावाला लागली तेव्हा संध्याकाळच होती. तिथवर श्वास चालू होता की नव्हता, हे बोटीवर कुणी यंत्र लावून पाहिलं होतं? दोना ओदिनेयाशी आपण बोलतो, ती तयार होईल.

तायनाराने सांगितलं, की बोटीवर अर्धं गाव होतं.

“अर्धं गाव आपल्याच बाजूचं आहे,” ब्रेनो म्हणाला. “घाट त्यांचाच आहे ना? झाकली मूठ सव्वा लाखाची, तायनारा. उघडलीस तर हाताला काय लागेल? अपील जाईल, घाट जाईल. आणि पिन कुणी टाकला, हा प्रश्न येईल तो वेगळाच.”

पिन कुणी टाकला ते दोघांनाही माहीत होतं.

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिला अर्धवट माहीत होती. साव पाउलोच्या एका मोठ्या फर्मशी त्याची बोलणी पक्की होत आली होती. ती फर्म एका छापाचे हजारो दावे चालवते. सुनावण्या सगळ्या पडद्यावरून. तिला नदीकाठच्या गावांत पोहोचणारी एक ओळखीची पाटी हवी होती, आणि लोबातो ही तशी पाटी होती. कचेरीतल्या सगळ्यांना त्यात जागा मिळणार होती; दिल्सालाही, तायनारालाही, पगार दुप्पट. टोकनची भानगड एकदा बाहेर आली, की मागचा प्रत्येक अर्ज कोण खणून काढेल सांगता येत नाही, आणि मग ती माणसं फोनही उचलणार नाहीत.

“तू कचेरीचं नाव बुडवायला निघालीस असं मी म्हणत नाही,” तो म्हणाला, “पण होईल तेच.”

“कचेरीला नाव कुठे आहे, ब्रेनो? एकच नाव होतं. ते आत पेटीत आहे.”

हे बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, कारण शेवटी बाप त्याचा गेला होता. तिने फक्त थोडा वेळ मागितला. डॉक्टरांना कॉफी दे, ती म्हणाली, आणि मी येईपर्यंत सही करू देऊ नकोस.

दिल्सा अंगणात कप गोळा करत होती. तायनाराने तिच्याकडून कचेरीची किल्ली घेतली. दिल्साने कशाला ते विचारलं नाही. आपणही येते म्हणाली, कारण इथे बसून तिचं डोकं फुटायला आलं होतं. कचेरी दोन गल्ल्यांपलीकडेच होती. आत साहेबांच्या सिगारेटचा वास होता. दिल्सा सरळ त्यांच्या खोलीत जाऊन दार लावून बसली, आणि तायनाराने संगणक सुरू केला.

तिला एक गोष्ट पुसटशी आठवत होती. परीक्षेपुरतं पाठ केलेलं आणि नंतर कधी लागलं नाही असं एक कलम. ते सापडायला वेळ लागला नाही. पक्षकाराचा वकील मेला, तर दावा तिथेच थांबतो. तायनाराने ते सावकाश वाचलं. मग वरच्या कोर्टांचे निकाल काढून तिला हवा होता तो एकच प्रश्न शोधला: दावा थांबतो तो कधीपासून? कोर्टाला कळतं तेव्हापासून, की मरणाच्या क्षणापासून? उत्तर बहुतेक निकालांत एकच होतं. मरणाच्या क्षणापासून. कोर्टाला ते नंतर कधीही कळो. थांबलेल्या काळात मुदत सरकत नाही.

म्हणजे साहेब भर दुपारी गेले असतील, तर शुक्रवारची मध्यरात्र या दाव्यापुरती अजून झालीच नव्हती.

पण एक अट होती. पक्षकाराला दुसरा वकील असता कामा नये. वकीलपत्रात दोन नावं असतील, तर दावा थांबत नाही, दुसऱ्याने चालवायचा. तायनाराने घाटाची फाईल उघडली. वकीलपत्रावर एकच नाव होतं. चार वर्षं जी गोष्ट तिच्या घशात अडकली होती ती तिथे, पहिल्याच ओळीत, जशीच्या तशी लिहिलेली होती, आणि आज तिलाच ती हवी होती. तिला हसू आलं, आणि त्यामागून रडूही, जे सकाळपासून येत नव्हतं.

मग तिने स्वतःविरुद्ध युक्तिवाद करून पाहिला. हातात आलेला आकडा हवा तसा आला, की तो पुन्हा मोजायचा, ही तिची जुनी सवय. कंपनीचा वकील काय म्हणेल? कचेरीत वकील आणखी होते, काम तेच करत होते, आता आपल्याच गैरवागणुकीचा फायदा घेताहेत. त्यात तथ्य होतं. न्यायाधीश ते मान्य करूही शकतो. खात्री नव्हती. शिवाय दावा थांबला हे सांगायचं, तर चारची सही कुणाची तेही सांगावं लागणार होतं; एक अर्धं सत्य सांगून दुसरं ठेवून घेता येत नाही. न्यायाधीश कागद वकील परिषदेकडे पाठवणार, आणि तिथे सनदेचा प्रश्न येणार. तिच्या सनदेचा, ब्रेनोच्या नव्हे.

आणि ब्रेनोची वाट? ती सोपी होती, पण कायमची उघडी. बोटीवरचा एकही माणूस कधी दारू पिऊन बोलला, की अपीलही जाणार आणि खोटी साक्ष दिली म्हणून ओदिनेयाही तुरुंगात.

ती परत आली तेव्हा डॉक्टर व्हरांड्यातच होते. पेन बाहेर आलेलं होतं. तायनाराने ओदिनेयाला अंगणातल्या आंब्याखाली नेऊन बसवलं आणि सगळं सांगितलं. कलम सांगितलं, अट सांगितली, आणि हरण्याची शक्यताही सांगितली. ओदिनेया मध्येमध्ये प्रश्न विचारत होती, मासळीचा सौदा करावा तसे नेमके. सगळं समजल्यावर ती म्हणाली, “ब्रेनोबाबू म्हणाले, संध्याकाळ म्हण. आमचा घाट राहत असेल तर मी सूर्यसुद्धा भर दुपारी मावळवीन, बाई. मला त्यात पाप वाटत नाही.”

“मला माहीत आहे.”

“तुम्ही म्हणता, दुपार म्हणूनही घाट राहील.”

“राहील असं नाही म्हणत. राहू शकतो. पण राहिला, तर तो उद्या कुणाच्या बोलण्याने जाणार नाही.”

“आणि तुमचं काय होईल?”

“चौकशी होईल. ते माझं मी बघेन.”

“ते अपील तुम्हीच लिहिलेलं ना? साहेब बोटीत सांगत होते. म्हणाले, पोरगी लिहिते छान, पण हुशारी जरा जास्त दाखवते.” ती उठली, स्कर्ट झटकला. “तुमच्या नावाचं ते काय असतं ते काढून ठेवा. सोमवारी अंगठा देते. नाही, सही देते. सही येते मला.”

मग ती व्हरांड्यात गेली आणि चारचौघांत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने डॉक्टरांना सांगितलं, की साहेब भर दुपारी गेले, जेवताना, आपल्या डोळ्यांदेखत, आणि आरोग्यसेविकेला बोलवा, तीही हेच सांगेल. एकदा इतक्या लोकांनी ऐकलं, की दुसरं काही लिहिण्याचा प्रश्नच उरला नाही. डॉक्टरांनी दुपार लिहिली. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं.

ब्रेनो दारात उभा होता. तो तायनाराजवळ येऊन हळूच म्हणाला, “हात दाखवून अवलक्षण,” आणि बापाच्या पेटीला खांदा द्यायला गेला.

सोमवारी कोर्ट उघडताच तायनाराने अर्ज दिला. त्यात विशेषणं नव्हती. वकील अमुक दिवशी दुपारी वारले. अपील त्यानंतर त्यांच्या टोकनवरून दाखल झालं. ते मी केलं, त्यांच्या मरणाची मला कल्पना नव्हती. पिन वापरण्याची कचेरीत पद्धत होती आणि ती चूक होती. ते अपील नाही असंच धरावं, आणि दावा मरणाच्या क्षणापासून थांबला असं जाहीर करावं. खाली तिचं नाव, नव्या वकीलपत्रासह. दिल्साने तो वाचला आणि म्हणाली, की पिन मीच सगळ्यांना दिला होता हेही त्यात घाल. तायनाराने घातलं नाही. दिल्सा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

साव पाउलोचा फोन त्याच आठवड्यात बंद झाला. ब्रेनोने पाटी उतरवली, स्वतःचे करखात्याचे अशील घेऊन तो नदीकाठच्या नव्या इमारतीत गेला. बाकीच्या फायलींचं काय करायचं ते विचारायलाही थांबला नाही. त्या तायनाराने आणि दिल्साने एकेका अशिलाला फोन करून परत द्यायला घेतल्या. बरेच जण म्हणाले, तुम्हीच ठेवा. काही जण मात्र नको म्हणाले. जिने मेलेल्याची सही केली ती हीच ना, असं एकाने तोंडावर विचारलं. तायनारा हो म्हणाली.

न्यायाधीशाने कंपनीचं म्हणणं मागवलं. ते तिला अपेक्षित होतं तसंच आलं, पण तिच्या कल्पनेपेक्षा बरंच चांगलं लिहिलेलं. ते वाचताना दोन रात्री तिला झोप लागली नाही. मग हुकूम आला. वकीलपत्रात नाव एकच. मरण पहिल्याच कामकाजाच्या दिवशी कळवलं गेलं. लपवण्याचा प्रयत्न दिसत नाही. दावा मरणाच्या क्षणापासून थांबला. नवं वकीलपत्र मान्य. मुदतीतला उरलेला काळ आता सुरू. उरला होता तो एकच दिवस, तो शुक्रवार. हुकुमाच्या शेवटी एक ओळ होती: प्रत वकील परिषदेस.

तायनाराने स्वतःच्या टोकनवरून अपील दाखल केलं आणि ते बेलेमच्या वरच्या कोर्टाकडे गेलं. घाटाचा निकाल लागायला अजून वर्षं जातील. पण तोवर कुंपण पडणार नव्हतं.

परिषदेच्या चौकशीला तिला प्रत्यक्ष बोलावलं. तिघेजण होते, तिघेही लोबातोसाहेबांचे मित्र. मधले वयस्कर वकील तिच्याशी सौम्यपणे बोलले. त्यांनी तिला वाट काढून दिली: तुम्ही वरिष्ठांच्या हुकुमाने वागलात, कनिष्ठाला नाही म्हणता येत नाही, असं लिहून द्या, प्रकरण इथेच मिटेल. तिघांच्याही कचेऱ्यांत टोकन कारकुनाच्या संगणकात लावलेलं असतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“हुकूम होता, हे खरं,” तायनारा म्हणाली. “पण तो जिवंत माणसाचा होता. सही झाली तेव्हा हुकूम देणारं कुणी नव्हतं. पिन मी टाकला.”

“म्हणजे तुम्हाला ठपका हवा आहे?”

“मला नको आहे. पण जे लिहाल ते तेवढंच लिहा, आणि खाली हेही लिहा, की ही पद्धत सगळीकडे आहे. माझ्या एकटीवर थांबलात तर उद्या पुन्हा कुणाचा तरी घाट जाईल.”

वयस्कर वकिलांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी लिहिणाऱ्या मुलीला सांगितलं, बाई म्हणतात ते त्यांच्या शब्दांत घ्या. तिला लेखी ठपका मिळाला, सनदेवर नोंद राहणारा. ही पद्धत सगळीकडे आहे, या दुसऱ्या वाक्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. पण नोंदीत ते होतं, तिने तिथेच मागून वाचून घेतलं.

बाहेर आली तेव्हा फोनवर ओदिनेयाचा निरोप होता. शेजारच्या गावालाही कंपनीची नोटीस आलीय, तिथल्या दोघी उद्याच्या बोटीने येताहेत, त्यांना ठपक्याचं सांगितलंय आणि तरी येताहेत, किती वाजता भेटाल?

तायनाराने दिल्साला फोन लावला आणि उद्याची सकाळ मोकळी ठेवायला सांगितली.